चरा कुठे जातो

हेड उलटं करून बाकावर ठेवलं की मिस्त्रीमामा आधी डोळ्यांनी काही बघत नसत. रॉकेलचा बोळा फिरवायचे, कोरड्या फडक्याने दोनदा पुसायचे आणि मग नजर भलतीकडेच लावून उजव्या अंगठ्याचं नख त्या सपाट तोंडावरून अलगद ओढायचे. एकदा लांबीला, एकदा रुंदीला, मग दोन्ही कर्णांवरून. नख अडलं की थांबायचे, खडूची बारीक खूण करायचे, पुढे सरकायचे. बाकी नऊ नखं मुळापर्यंत कापलेली, हे एकच राखलेलं. लहानपणी मला वाटायचं, ती त्यांची हौस असेल.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, इंजिनदुरुस्तीचं लहानसं वर्कशॉप होतं आणि मिस्त्रीमामा तिथले मिस्त्री. आसपास फौंड्र्या, लेथ, पॅटर्नवाले. सकाळी शाळेला निघताना जळक्या वाळूचा वास यायचा आणि संध्याकाळी परतताना तोच वास स्वागताला उभा असायचा. आमच्याकडे यायची ती ऑइल इंजिनं. विहिरीवरची, नदीकाठच्या पंपांवरची, पिठाच्या गिरणीतली आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळांची. या भागाला इंजिन नवं नव्हतं. किर्लोस्करवाडी १९१० सालची, खडकीचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६चा. त्यामुळे ‘हेड’, ‘पिस्टन’, ‘नोझल’ हे शब्द आमच्याकडच्या शेतकऱ्याला ‘नांगर’, ‘मोट’ इतकेच घरचे होते. “हेड उचलाय लागतंय,” असं मिस्त्रीमामांनी म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा पडायचा. डॉक्टरने पोट उघडावं लागेल म्हटल्यावर पडतो तसा.

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, इतकं सांगून बऱ्याच जणांचं समाधान होतं. पण हे झाकण काय सोसतं ते बघितलं पाहिजे. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त असतो. तेवढ्यासाठी झाकणाला रबरी रिंग लागते आणि रिंग जरा कडक झाली की कडेने फसफस सुरू होते. आमच्याकडे सर्वांत जास्त येणारं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचं. त्याचा बोअर साडेसत्याऐंशी मिलिमीटर, म्हणजे तळाचं क्षेत्र सुमारे ६० चौरस सेंटिमीटर. डिझेल पेटतं त्या क्षणी आतला दाब ६० ते ७० किलोपर्यंत जातो. गुणाकार केला तर साडेतीन ते चार टन. एवढा भार हेडला वर ढकलतो, आणि तो सेकंदाला बारा-तेरा वेळा. पेटलेल्या वायूचं तापमान २००० अंशांच्या घरात. आणि त्या आगीपासून बोटभर अंतरावर, त्याच लोखंडात, थंड पाण्याच्या वाटा. आग आणि पाणी यांच्यामध्ये उभं असतं ते एक पॅकिंग, म्हणजे गॅसकेट, आणि त्याच्या वरचं-खालचं सपाट लोखंड. त्या सपाटीवर सगळं अवलंबून असतं. म्हणून ते नख.

आणि नख हे अडाणी साधन नाही. २०१३ साली स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सुरकुत्या पाडलेले पृष्ठभाग लोकांना बोटाने चाचपायला दिले होते. फक्त १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा माणसाच्या बोटाला गुळगुळीत भागापासून वेगळ्या ओळखता आल्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे वाचलं तेव्हा मला मिस्त्रीमामांचा अंगठा आठवला, आणि त्यांना हे सांगायला ते असायला हवे होते असं फार वाटलं.

मी सातवीत असतानाची दिवाळीची सुट्टी. शिरोळकडच्या एका गुऱ्हाळाचं इंजिन बंद पडलं होतं. ऊस तोडून पडलेला. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी त्यातली साखर उतरते आणि गूळ धरत नाही, हे गुऱ्हाळवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. मालक स्वतः हेड घेऊन आले होते, टेम्पोत पोत्यावर ठेवून. अण्णा बाहेर गेले होते, मिस्त्रीमामा दुसऱ्या इंजिनाच्या नोझलमध्ये गुंतले होते. जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडला चिकटून राहिले होते, तांब्याच्या पत्र्याच्या आत अॅस्बेस्टॉस असायचं त्या काळात. (ते आम्ही उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता खरवडत होतो. तो धोका तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता, ही गोष्ट आज आठवली तरी पोटात कालवतं.) मला मदत करायची होती. बाकावर स्क्रू ड्रायव्हर होता. तो घेऊन मी तुकडे उकरायला लागले. एक तुकडा सुटेना, मी जोर लावला, पातं निसटलं आणि लोखंडावर एक पांढरा, चकचकीत चरा उमटला. दीड इंचाचा तरी असेल.

मी त्यावर रॉकेल ओतलं, काजळी चोळली, पुन्हा पुसलं. काजळीखाली तो दिसेनासा झाला. थोड्या वेळाने मिस्त्रीमामा आले, नजर दाराकडे लावून त्यांनी नख ओढायला सुरुवात केली आणि तिसऱ्या फेरीला ते थांबले.

“ह्यो आत्ताचा हाय,” ते म्हणाले.

मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही कुणी केला. त्यांनी मला जवळ ओढलं, माझा अंगठा धरला आणि चऱ्यावरून फिरवला. “अडतंय?”

“अडतंय.”

“आता सांग, ह्यो कुठनं निघालाय आनि कुठं चाललाय?”

हा प्रश्न मला कळलाच नाही. चरा कुठे जातो म्हणजे काय? तो तिथेच तर होता. मग त्यांनी खडू घेतला आणि हेडवरच आखून दाखवलं. हा मधला गोल, इथे आग. ह्या गोलाभोवती पॅकिंगमधली पोलादी कडी बसते, ती आग अडवते. ही चार भोकं पाण्याची. हे पुशरॉडचं, इथनं तेल येतं. ही स्टडची भोकं. आणि ही बाहेरची कड. माझा चरा बाहेरच्या कडेच्या अलीकडे सुरू होऊन एका स्टडच्या भोकाच्या अलीकडेच संपला होता. त्याच्या वाटेत ना आग होती, ना पाणी, ना तेल.

“शेतात चर काढतूस का न्हाई? त्यो हौदापासनं वाफ्यापतुर गेला तर पानी जाईल. दोनी तोंडं बंद असतील तर नुस्ता खड्डा. पानी कुठनं येनार त्यात? ह्यो कुठंच जात न्हाई. र्‍हाऊ दे.”

चर आणि चरा. एका कान्याचा फरक असलेले हे दोन शब्द मी तोवर कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

पण ‘राहू दे’ म्हणजे तसंच सोडणं नव्हे, हे पुढच्या पाच मिनिटांत दिसलं. त्यांनी खणातून ऑइल स्टोन काढला, त्यावर दोन थेंब तेल टाकलं आणि चऱ्यावरून अगदी सपाट धरून चार-पाच वेळा फिरवला. मग पुन्हा माझा अंगठा. आता अडणं कमी झालं होतं. चरा तिथेच होता, डोळ्यांना आधीइतकाच दिसत होता, पण त्याचे ओठ गेले होते. धातूवर टोकदार काही ओढलं की तो सगळाच झिजून जात नाही, बराचसा बाजूला सरकतो आणि दोन्ही काठांवर वर उचलला जातो. नांगराच्या तासाला दोन्ही बाजूंनी माती चढते तशी. हेड पडून पोचा आला तरी तेच, खड्ड्याच्या भोवती उंचवटा येतोच. खड्डा पॅकिंग भरून काढतं, त्याच्या अंगात तेवढी लवचीकता असते. उंचवटा मात्र पॅकिंगला टोचतो, हेडला तेवढ्या जागी अधांतरी ठेवतो आणि शेजारच्या चांगल्या जागेवरचा दाब चोरतो. स्टडच्या भोकांशीही हे होतं. वर्षानुवर्षं ताण बसून ब्लॉकवरच्या आट्यांभोवतीचा धातू किंचित वर येतो. तिथे भोकाच्या तोंडाला जरा उतार काढून द्यावा लागतो, नाही तर वरचं हेड कितीही सपाट केलं तरी ते बसत नाही. उंच आहे ते आधी उतरवायचं, खोल आहे त्याचा विचार नंतर करायचा. दुखणं डोळ्यांना खड्ड्यात दिसतं आणि बहुतेक वेळा असतं काठावर, हे मी त्या दिवशी शिकले.

आता त्या हेडचं खरं दुखणं. मी तासभर ते हेड चाळवत होते आणि मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. मधल्या गोलापासून एका पाण्याच्या भोकाकडे एक फिकट राखाडी पट्टा गेला होता, पांढरा नाही, चकचकीत नाही. ओल्या बोटाने पाटीवर रेघ ओढावी आणि ती वाळत यावी तसा. नखाला जेमतेम जाणवत होता. तिथूनच आगीचा वायू पाण्यात शिरत होता. प्रत्येक स्फोटाला थोडा थोडा जाऊन त्याने लोखंड खाल्लं होतं. गुऱ्हाळवाले सांगत होते, इंजिनाच्या पाण्याच्या पिंपात बुडबुडे येत होते, त्यांना वाटलं पाणी उकळतंय. माझा दीड इंची चरा बघून कुणीही हळहळलं असतं. हा पट्टा बघून कुणी काही म्हणालं नसतं.

याला दोन उपाय होते. एक, मशीनवर फेसिंग मारणं, म्हणजे सगळं तोंड एकसारखं छिलून काढणं. ते करणारं शॉप संध्याकाळी बंद झालं होतं आणि ऊस वाट बघत होता. पण मिस्त्रीमामांचं कारण वेगळंच होतं. त्यांनी हेड कुशीवर वळवून मला एक जागा दाखवली. तिथे पंचने मारलेली दोन टिंबं होती. आमच्या वर्कशॉपमधून फेसिंगला गेलेल्या प्रत्येक हेडवर ते परत आल्यावर एक टिंब मारत, पुढे ज्याच्या हाती ते हेड पडेल त्याला कळावं म्हणून. ह्या हेडचं तोंड दोनदा छिललं गेलं होतं. “लोखंड काय पुन्ना उगवत न्हाई,” ते म्हणाले.

काढलेल्या धातूचा हिशेब पुढे मी शिकले तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं. पेट्रोलच्या बऱ्याच इंजिनांत आगीची खोली हेडमध्येच कोरलेली असते. तोंड छिललं की ती खोली लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोके द्यायला लागतं. कॅम वर असेल तर साखळी किंवा पट्ट्याचं अंतर बदलून व्हॉल्व्हची वेळही किंचित मागे पडते. ह्या डिझेल इंजिनांचं निराळं. त्यांच्या हेडचं तोंड सपाट असतं आणि खोली पिस्टनच्या डोक्यात असते. तिथे तोंड छिललं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. दोघांमधलं अंतर मुळातच मिलिमीटरच्या आसपास. मग व्हॉल्व्हच्या सीट खोल कापा, त्या कापल्या की स्प्रिंगचा ताण बदलतो. एका ठिकाणचा धातू गेला की दुरुस्ती घरभर फिरते. दोन-तीन फेसिंगनंतर ते हेड भंगारात जातं. म्हणून पहिलं फेसिंग मारून घेतानासुद्धा हा माणूस हात आखडता घ्यायचा.

त्या रात्री त्यांनी ते हाताने केलं. एक जाड ओतीव प्लेट होती, तिच्यावर एमरी पेपर ताणून बसवला आणि रॉकेल शिंपडत हेड आठाच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. दहा-बारा फेऱ्या झाल्या की हेड पाव वळसा फिरवायचं, म्हणजे हाताचा जोर एकाच बाजूला पडत नाही. दर काही वेळाने हेड पुसून दुसऱ्या प्लेटवर नेत. ही दुसरी प्लेट लाकडी पेटीत ग्रीस लावून ठेवलेली असायची आणि तिला आम्हा मुलांचा हात लागलेला चालत नसे. घासायची प्लेट वेगळी, बघायची प्लेट वेगळी. तिच्यावर प्रशियन ब्ल्यूचा अगदी पातळ हात मारून हेड त्यावर जरासं सरकवलं की जिथे उंच तिथे निळं लागतं, खोल भाग कोरडा राहतो. सुरुवातीला निळे ठिपके चार कोपऱ्यांत आले, मग कडेकडेने पसरले आणि तो राखाडी पट्टा मधोमध कोरड्या ओढ्यासारखा उरला. तासाभराने त्यात निळ्याची बेटं दिसायला लागली.

बघायची प्लेट सपाट आहे हे कशावरून, असं मी विचारलं होतं. मिस्त्रीमामांकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या उस्तादांनी दिलेली होती, म्हणून ती सपाट. खरं उत्तर मला पुढे डिप्लोमाला मिळालं आणि यंत्रशास्त्रात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तर त्या जुळतील, पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी जुळवत जायचं. तिन्ही जोड्या जुळल्या तर तिघींनाही सपाट असण्यावाचून गत्यंतर नसतं. जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोच्या सभेत खरे सपाट पृष्ठभाग कसे करावेत यावर निबंध वाचला, त्यात घासण्याऐवजी खरवडून हे साधायचं सांगितलं. कुठलीही मोजपट्टी न वापरता, नुसत्या तीन तुकड्यांच्या आपसांतल्या साक्षीवर, जगातली सपाटी उभी राहिली. उस्तादांची ती प्लेट अशाच कुठल्यातरी साखळीतून उद्यमनगरच्या बोळापर्यंत आली असणार.

साडेनऊच्या सुमाराला मिस्त्रीमामांनी पोलादी पट्टी हेडवर कडेने उभी धरली, मागे बल्ब धरायला मला सांगितलं आणि फिलर गेजचं सर्वांत पातळ पातं पट्टीखाली सरकवून पाहिलं. ते दोन थाऊचं होतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिलिमीटर, बारीक केसाइतकं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत हेडच्या वाकाची मर्यादा याच्या आसपासच दिलेली असते. पातं सहा ठिकाणी लावून झालं, कुठेही शिरलं नाही. मग त्यांनी पंच उचलला, क्षणभर थांबले आणि टिंबाऐवजी कानशीच्या कडेने एक बारीक रेघ मारली. हाताने घासलं, मशीनला गेलं नाही, म्हणून टिंब नाही.

अण्णा आले होते. मिस्त्रीमामांना आणि मला घेऊन ते त्याच टेम्पोतून गुऱ्हाळावर गेले. मिस्त्रीमामांनी नवं पॅकिंग ठेवलं, नट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत आवळले. हँडल मारलं. इंजिनाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि धरलं. चरक फिरायला लागला, चुलवाणावर काहीलीत रस पडला. सगळे तिकडे बघत होते. मी पाण्याच्या पिंपापाशी उभी राहून आत टॉर्च मारत होते. पाणी हलत होतं, बुडबुडा एकही नव्हता. अर्ध्या तासाने अण्णा मला शोधत आले तेव्हाही मी तिथेच होते. माझा चरा त्या हेडखाली, स्टडच्या बाजूला, अंधारात दाबला गेला होता आणि त्यातून कुठेच काही जात नव्हतं.

मी पुढे पुण्याजवळच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. वीस-बावीस वर्षं सिलिंडर हेडच तपासली. तिथे नखाऐवजी प्रोफाइलोमीटर होता. हिऱ्याचं टोक, त्याची गोलाई २ ते ५ मायक्रॉन, ते पृष्ठभागावरून सरकतं आणि पडद्यावर डोंगरदऱ्या उमटतात. ड्रॉइंगवर खडबडीतपणाचा आकडा दिलेला असतो. जुन्या मऊ पॅकिंगांना दीड ते अडीच मायक्रॉनची पकड लागायची, फार गुळगुळीत तोंडावर ती घसरत. आजच्या पोलादी थरांच्या गॅसकेटांना याच्या निम्म्याहून कमी लागतं, कारण हेड आता ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉक लोखंडाचा. ४०० मिलिमीटरचं हेड ८० अंशांनी तापलं तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं, खालचा ब्लॉक त्याच्या जेमतेम निम्मा. म्हणजे गाडी दर वेळी तापताना आणि निवताना हेड गॅसकेटवरून सरकत असतं. तिथे खडबडीतपणा म्हणजे रोजची कानस. (गरम हेडचे बोल्ट सोडू नयेत, ते पूर्ण थंड होऊ द्यावं आणि बाहेरून आत असे टप्प्याटप्प्याने सैल करावेत, याचं कारणही तेच. घाईत उघडलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकून बाहेर येतं.)

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मला एक ड्रॉइंग हातात मिळालं, ज्यात हेडच्या तोंडाचे भाग पाडले होते. आगीच्या कडीच्या पट्ट्यात एकही चरा, एकही छिद्र चालणार नाही. पाण्या-तेलाच्या भोकांभोवती अमुक खोलीपर्यंत, पण दोन वाटा जोडणारं काही नको. बाहेरच्या भागात त्याहून ढिलाई. मी ते ड्रॉइंग टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले. खडूने आखलेलं हेड मी आधी पाहिलेलं होतं.

तरीही त्या वर्षांत मनाला सर्वांत लागलं ते हे की ड्रॉइंग बाजूला राहायचं आणि हेड दिसण्यावरून नाकारलं जायचं. बाहेरच्या कडेला हाताळताना पडलेला एक चकचकीत ओरखडा, नियमात बसणारा, कुठेच न जाणारा, आणि त्यापायी अख्खं कास्टिंग पुन्हा भट्टीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, ते वितळवायला, ओतायला, तासायला किती वीज आणि किती माणसांचे हात लागतात ते मी रोज बघत होते. याच्या उलट, निरुपद्रवी दिसणारा फिकट डाग दोन बोअरच्या मधल्या अरुंद पट्टीवर असायचा आणि नव्या मुलांच्या नजरेतून निसटायचा. मी त्यांना पहिल्या दिवशी विचारायचे, हा कुठून निघालाय, कुठे चाललाय? ती माझ्याकडे बघत राहायची, मी मिस्त्रीमामांकडे बघितलं होतं तशीच.

दिसणं सुधारण्याच्या नादाने होणारं नुकसान मी स्वतःच्या गाडीवरही सोसलं. गॅसकेट बदलायला एका गॅरेजला गाडी दिली होती. मी पोचेपर्यंत तिथल्या मुलाने हेड आणि ब्लॉक, दोन्हीची तोंडं हवेवर फिरणाऱ्या घासणीच्या चकतीने लखलखीत करून ठेवली होती. त्याला वाटलं, मी शाबासकी देईन. मी ब्लॉकच्या आत बोट फिरवलं तर राखाडी धूळ बोटाला लागली. अशा चकत्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, बेअरिंगपेक्षा कितीतरी कठीण. ते तेलात मिसळले की फिल्टर सगळे पकडू शकत नाही आणि बेअरिंगं खरवडली जातात. जनरल मोटर्सने तर आपल्या मेकॅनिकांना याबद्दल लेखी ताकीद दिलेली आहे. शिवाय मऊ ॲल्युमिनियमवर चकती एका जागी दोन सेकंद जास्त टेकली की तिथे बशीसारखा खळगा पडतो, तो नखाला कळत नाही, पट्टीला कळतो. मी इंजिन धुवायला सांगितलं, तेल बदललं, तरी महिन्याभरात खालून ठोके यायला लागले. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला स्वच्छ करायला सांगितलं होतं आणि कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. प्लास्टिकची खरवडणी, गॅसकेट मऊ करणारं रसायन आणि धीर, इतकंच हवं होतं.

अण्णांच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून एक हेड केलं, त्यांच्या जुन्या चेतकचं. त्या स्कूटरच्या हेडखाली पॅकिंगच नसतं, ॲल्युमिनियम थेट लोखंडी सिलिंडरवर बसतं. म्हणजे क्षमा करायला मधे कुणी नाही. कडेने तेलकट काळा ओघळ यायला लागला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी जाड काचेचा तुकडा ठेवला, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याचा शिडकावा. अण्णांनी हेडच्या तोंडावर स्केच पेनने आडव्याउभ्या रेघा मारल्या. आठाच्या आकड्यात वीस फेऱ्या, पुसून बघायचं, शाई कुठे उरली. डाव्या बाजूला एक अर्धचंद्र उरला होता. आणखी वीस. अण्णांचा हात थरथरायचा, पण हेड काचेवर टेकलं की थरथर थांबायची. शेवटी ६०० नंबर. आईने दोनदा येऊन ओटा मोकळा कधी होणार ते विचारलं. शाई गेली तेव्हा अण्णांनी नख ओढून बघितलं, अंगठ्याचंच.

गुऱ्हाळाचं ते इंजिन त्या रात्रीनंतर आणखी अकरा हंगाम चाललं. मग विजेची मोटर आली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं. शेवटी भंगारवाल्याला देताना मालकांच्या मुलाने आठवणीने अण्णांना फोन केला आणि अण्णांनी किलोच्या भावाने हेड विकत घेतलं. आता ते माझ्याकडे आहे, पुस्तकांच्या कपाटाखाली, तोंडाला तेलाचा हात मारून कागदात गुंडाळलेलं.

तुमच्या गाडीचं, पंपाचं हेड कधी उघडलं तर जमल्यास समोर उभे राहा. चकती लावू देऊ नका. फेसिंगला जायच्या आधी पट्टी आणि फिलर गेज लावून दाखवायला सांगा आणि परत आल्यावर किती धातू काढला ते विचारून हेडच्या बाजूला खूण करून घ्या. पुढचा माणूस ती बघेल.

माझ्याकडच्या हेडच्या कुशीवर दोन टिंबं आणि एक रेघ आहे. अकरा हंगामांत तिसरं टिंब पडलं नाही. स्टडच्या भोकाअलीकडचा दीड इंचाचा चरा जिथल्या तिथे आहे.